घुबडाच्या पोटातली हवा

रौनी लांटोच्या टेबलापाशी फार वेळ उभं राहायची कुणाची टाप नव्हती. नवा माणूस आला की त्याचं स्वागत ती ठरलेल्या शब्दांत करायची. "बोलायचं असेल तर बाहेर जाऊन बोल, शिंकायचं असेल तर घरी जाऊन शिंक, आणि माझ्या चिमट्याला हात लावायचा असेल तर आधी माझं मढं उचल." माणूस चार दिवस तिच्या वाऱ्याला उभा राहायचा नाही. दोन महिन्यांनी बघावं तर तिच्याच डब्यातलं सुकवलेलं रेनडियरचं मांस चघळत तिच्याशीच गप्पा मारत बसलेला असायचा.

कोल्मीवारा हे स्वीडनच्या पार वरच्या टोकाचं, लोखंडाच्या खाणीवर जगणारं गाव. रौनीचा बाप खाणीत, दोन्ही भाऊ खाणीत, नवरा हेल्गे खाणीत. ही एकटीच गावाबाहेरच्या अवकाश संस्थेत लागली, तीही एकोणिसाव्या वर्षी, फरशी पुसायला. पुसता पुसता एक दिवस कुणीतरी तिच्या हातात चिमटा दिला, "जरा धर" म्हणून. तो तिनं पुढची चव्वेचाळीस वर्षं खाली ठेवला नाही. शिक्षण म्हणाल तर नववी. पण केसाहून बारीक तार जोडायची झाली की मोठमोठ्या पदव्यांची माणसं गुपचूप तिच्यापुढं येऊन उभी राहायची, आणि ती मान वर न करता म्हणायची, "ठेव तिथं. आणि हलू नकोस."

त्यातलाच एक एब्बे स्ट्रांड. दक्षिणेतून आलेला, बांबूसारखा उंच, बोलायला लागला की कॉफी गार होऊन जाईपर्यंत न थांबणारा. तीस वर्षं कागद त्याचे आणि हात रौनीचे असं चाललेलं. आमच्याकडे प्रोफेसर असो की रस्त्यावरचा बर्फ उपसणारा, सगळ्यांना अरे-तुरे, त्यामुळं रौनी त्याला तोंडावर वेडा म्हणायची आणि तो ते ऐकून घ्यायचा.

एब्बेला वेड होतं ते एका वाऱ्याचं. सूर्यावरून सदान्‌कदा सुटलेला वारा. हवेचा नव्हे, फुटलेल्या अणूंचा, विजेनं भारलेला, सेकंदाला चारशे किलोमीटर पळणारा. पृथ्वीभोवती चुंबकाचं कवच आहे म्हणून तो आपल्याला वळसा घालून जातो. थोडा ध्रुवापाशी आत शिरतो आणि आकाशात हिरवे पडदे हलतात. ते बघायला कुठून कुठून माणसं येतात. आमच्यातलं कुणी त्यासाठी टोपी मागं सारत नाही.

"पण मंगळाला कवच उरलेलं नाही," एब्बे कॉफीच्या टेबलावर सांगायचा. "शुक्राला नाही. शनीचा तो मोठा चंद्र, टायटन, आपल्याहून दाट हवा आहे त्याला, त्यालाही स्वतःचं कवच नाही. तिथं वारा थेट हवेला भिडतो. अडतो, वाकतो, ग्रहाभोवती गुंडाळला जातो आणि पलीकडून निघताना हवेचे कण ओढून घेऊन जातो. मागं लांबच लांब शेपूट. हवेची शेपूट, रौनी."

"म्हणजे गळतंय."

"गळतंय. मंगळाची रोजची गळती म्हणशील तर सेकंदाला पाव किलोसुद्धा नाही."

"मग संपेल की एक दिवस."

"बरीचशी संपलीच आहे. नद्या होत्या तिथं."

"आणि आपली?"

"आपलं कवच आहे ना."

"ते टिकेल?"

एब्बेनं आमच्याकडच्या रीतीप्रमाणं कॉफीत टाकलेला चीजचा तुकडा चमच्यानं वर काढला. "आपल्या पेन्शनपर्यंत टिकेल," तो म्हणाला, आणि सगळे हसले. रौनीही हसली. पण त्या दिवशी घरी जाताना तिनं उगाचच दोनदा वर बघितलं.

एब्बेचा खरा प्रश्न रोजच्या गळतीचा नव्हताच. सूर्यावर कधी कधी मोठा स्फोट होतो, आणि मग वारा उरत नाही, वादळ होतं. असं वादळ उघड्या ग्रहावर आदळलं तर किती हवा जाते? दोन-चार दिवसांत शंभर वर्षांची जाते का? तसं असेल तर मंगळ रोजच्या गळतीनं मेला नाही, वादळांनी मारला. हे बघायला मंगळापाशी यंत्र हवं आणि नेमकं तेव्हाच वादळ हवं. सूर्य अकरा वर्षांत एकदा खवळतो आणि मग निजतो. एब्बे सदुसष्टाला टेकला होता, आणि सूर्य निजायच्या बेतात होता. ही खेप हुकली तर पुढच्या खेपेला तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा.

त्या यंत्राला संस्थेच्या कारखान्यातले सगळे घुबड म्हणायचे. पोळ्यांच्या डब्याएवढं, गोल, डोकं न फिरवता चहूकडे बघणारं. त्याच्या पोटात जाळीदार काचेची एक चकती होती. तिला चोवीसशे व्होल्टचा दाब दिला की एकेक कण मोजता येतो. गोम एवढीच की तो दाब द्यायच्या वेळी आत हवा नको. भरपूर हवा असली तर एक वेळ चालतं. अजिबात नसली तर उत्तमच. चिमूटभर उरलेली असली की घात. ठिणगी पडते, काच जळते, आणि कोट्यवधी किलोमीटरवर कुणी दुरुस्तीला जात नाही.

म्हणून तिथले स्क्रू वेगळे. आरपार न जाणाऱ्या भोकात साधा स्क्रू बसवला तर त्याच्या बुडाशी थोडी हवा कोंडते आणि आट्यांमधून महिनोन्‌महिने झिरपत राहते. तसं होऊ नये म्हणून त्या स्क्रूला मधोमध केसाएवढं भोक पाडलेलं असतं. दिसायला सगळे सारखे. उजेडासमोर धरला तरच टाचणीच्या टोकाएवढा प्रकाश दिसतो. घुबडाच्या पोटात असे पोकळ स्क्रू सहा.

घुबड बंद केलं तो दिवस रौनीला पाठ होता. कारखान्याचा दंडक असा की एकानं यादी वाचायची, दुसऱ्यानं काम करून "झालं" म्हणायचं, मग पहिल्यानं खूण करायची. यादी वाचणारा माणूस तापानं पडला होता, म्हणून त्याच्या जागी एब्बे बसला. त्याला धीर कुठला? रौनीच्या "झालं"च्या आधीच त्याची खूण पडायची.

"अरे, बसव तरी देशील?" ती म्हणाली.

"तू बसवतेयस म्हणजे बसला," एब्बे म्हणाला.

हे ऐकून तिला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं होतं.

यान उडालं. मोठमोठ्या लोकांची भाषणं झाली. दहा महिन्यांनी ते मंगळाभोवती नीट फिरायला लागलं आणि इंजिनाचा धूर विरेपर्यंत थांबायचं ठरलं. सप्टेंबरातल्या पहिल्या शुक्रवारी, सकाळी अकराला, घुबडाला दाब द्यायचा होता.

त्याच आठवड्यात मूस या घोड्याएवढ्या हरणाची शिकार सुरू होते. त्या दिवसांत आमचं गाव ओस पडतं. शाळा बंद, दुकानं अर्धी बंद, बर्चची पानं पिवळीजर्द, आणि दिवसभर लांब जंगलातून अधूनमधून एखादा बार ऐकू येतो. हेल्गे गेला होता. कारखान्याचा टर्नर बिर्येर त्याच्याच टोळीत. तीस वर्षं खाणीच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवून तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेला, शांत, भल्या मनाचा माणूस. पोकळ स्क्रूंची भोकं त्यानंच पाडली होती. जिथं ते गेले होते तिथं फोन लागत नाही.

रौनी मात्र कामावर होती. नाताळात तिची नोकरी संपणार होती, म्हणून ती टेबलाचे खण आवरत बसली होती. मंगळवार, सकाळचे साडेनऊ. पोकळ स्क्रूंची रिकामी डबी तिच्या हाती आली. आत काळा स्पंज, त्यात सहा खाचा, सहाही रिकाम्या. डबी धुऊन ठेवावी म्हणून तिनं स्पंज उचलला.

खाली एक स्क्रू होता.

तिनं तो चिमट्यात धरला आणि खिडकीकडे केला. मधोमध उजेडाचा ठिपका. पोकळ.

तिनं परत खणात हात घातला. स्क्रूंबरोबर आलेली चिठ्ठी काढून बघितली. बिर्येरच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं, सहा. सहा केले, सहा दिले, खाली सही. सहा होते आणि एक इथं आहे, तर वर गेले पाच. मग सहाव्या भोकात काय आहे? टेबलावर त्या दिवशी झाकणाच्या साध्या स्क्रूंची बशी होती, त्याच मापाची. आणि तिला आता आठवायला लागलं. पाचवा बसवताना चिमटा सटकला होता. स्क्रू टेबलावरच्या रबरी गादीवर पडला होता आणि तिनं उचलला होता. कुठून उचलला? गादीवरून की बशीतून? उजेडासमोर धरून बघायची तिची सवय होती. बघितला असेलच. असेलच म्हणजे काय?

तो दिवस तिनं कसा काढला तिचं तिला माहीत. घरी जाऊन बटाटे उकडायला ठेवले आणि भांडं करपेपर्यंत विसरली. रिकाम्या घरात खुर्चीवर बसून ती हातांकडे बघत राहिली. हे हात खोटं बोलले असतील असं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. कुणाला काही सांगूच नये, असंही एकदा मनात येऊन गेलं. कुणाला कळणार होतं? डबी धुवायची, स्क्रू भंगारात टाकायचा, शुक्रवारी टाळ्या वाजवायच्या. ठिणगी पडलीच तर लोक म्हणतील, अवकाशात काय होईल सांगता येत नाही. नाताळात आपण घरी. पण त्या चकतीत त्या वेड्याचा सगळा जन्म अडकलेला होता, आणि हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

बुधवारी सकाळी ती एब्बेच्या खोलीत गेली, दार लावलं आणि स्क्रू त्याच्या कागदांवर ठेवला.

"हा घुबडाच्या पोटात असायला हवा होता," ती म्हणाली. "असं वाटतंय."

तिनं सगळं सांगितलं. एब्बेनं स्क्रू उचलून खिडकीकडे धरला.

"वाटतंय की खात्री आहे?" त्यानं शेवटी विचारलं.

"खात्री असती तर रडत आले असते. वाटतंय म्हणून अशी आलेय."

"दहा महिने झाले, रौनी. निर्वात पोकळीत दहा महिने. कोंडली असेल तरी निघून गेली असेल ना हवा."

"आट्यांना गोंद लावलाय मी. माझा गोंद आहे तो. वर्षभरसुद्धा धरून ठेवेल. आणि यान गारठलेलं. गारठ्यात काही हलत नाही."

"मग?"

"आतली शेगडी चालू करा. दोन-अडीच महिने शेकू दे. सगळं निघून जाईल. मग द्या दाब."

एब्बे उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला. "पुढं मंगळ सूर्याच्या पाठीमागं जातोय. तीन आठवडे बोलणंच बंद. त्याच्या आधी-नंतर अँटेनाचा सगळा वेळ दुसऱ्यांच्या यंत्रांना दिलाय. शुक्रवार सोडला तर आपली पाळी थेट नोव्हेंबरअखेर." त्यानं बोटानं आठवडे मोजले. "सूर्य अजून खवळलेला आहे. थोडेच महिने राहिलेत. मधल्या काळात वादळ आलं तर..."

"माहीत आहे मला."

"घुबड चालू असलं तर ते आतल्या आत लिहून ठेवेल. बोलणं बंद असलं तरी."

"मेलेलं घुबड काय लिहिणार?"

तो वळला. त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसला तिला. "आकडेमोड केली तरी ठिणगीची शक्यता पंचवीस टक्के येईल नाही तर पंचाहत्तर, मी हवं ते काढू शकतो. तू सांग. चिमटा तुझ्या हातात होता. तू म्हणशील ते."

तिला वाटलं होतं तो रागावेल, तोंडाला येईल ते बोलेल. ते परवडलं असतं. हे ओझं तिच्या डोक्यावर येईल असं तिला वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "थांबू या."

शुक्रवारी अकराला घुबडाला दाबाऐवजी शेगडीची आज्ञा गेली. कारण म्हणून एब्बेनं एक ओळ लिहिली, कारखान्याला शंका आहे. रौनीचं नाव घातलं नाही. दोन दिवसांनी शिकारी परतले. हेल्गेनं मांस कापता कापता विचारलं, "काय गं, तोंड का उतरलंय?" तिनं सांगितलं, दात दुखतोय. बिर्येरला विचारायचं तिच्या डोक्यात आलंही नाही. विचारून काय मिळणार होतं? चिठ्ठीवर त्याच्याच अक्षरात सहा होते, आणि आमच्या कारखान्यात कागदावरचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ. शिवाय ही गोष्ट तिला गावभर करायची नव्हती.

मग वाट बघणं सुरू झालं. दिवस भराभर आखडायला लागले. रौनी रोज सकाळी सूर्याच्या ताज्या चित्रांपाशी जाऊन उभी राहायची. चाळीस वर्षांत तिनं ती कधी बघितली नव्हती. आपल्या बाजूला दिसणारा सूर्य स्वच्छ होता, एक डाग नाही. पण पलीकडची बाजू, मंगळाकडची, इथून कुणालाच दिसत नव्हती. एब्बे येता-जाता म्हणायचा, "निजलाय गं म्हातारा." ती मान हलवायची. तिला ती शांतता बिलकुल आवडत नव्हती. घरात लहान मूल फार वेळ गप्प असलं की आईला जसं वाटतं, तसं तिला वाटत होतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, एब्बे तिच्या टेबलापाशी आला. हातात एक छापलेला कागद. तो बसला नाही.

"ऑक्टोबरची एकोणीस ते बावीस," तो म्हणाला. "पलीकडच्या बाजूनं. थेट मंगळावर. दुसऱ्या देशाचं एक जुनं यान आहे तिथं, त्याच्याकडे नुसता मोजणीचा एक काटा आहे. तो काटा पार वर जाऊन अडकला आणि तीन दिवस खाली आला नाही." त्यानं कागद तिच्यापुढं ठेवला. रेघ वर चढत होती आणि कागदाच्या कडेपाशी कापल्यासारखी सपाट झाली होती. "एवढं मोठं वादळ मी बघितलेलं नाही. माझ्या गुरूनंही बघितलं नव्हतं."

"आणि हवा?" तिनं विचारलं.

"हवा मोजणारं तिथं दुसरं काही नव्हतं."

तिनं त्या सपाट रेघेवरून बोट फिरवलं. एब्बेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच. "घुबड मेलेलं असतं तरी काही दिसलं नसतंच," तो म्हणाला आणि गेला. त्या संध्याकाळी तिनं हेल्गेला सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "तू वाचवलंस ते. स्फोटकाची शंका असली तर आम्ही बोगद्यात जात नाही. बस. त्यावर विचार करायचा नसतो." तिला ते पटलं, पण झोप काही लागली नाही.

नोव्हेंबरच्या अठ्ठाविसाला दाब दिला. आठ पायऱ्या. प्रत्येक पायरीनंतर मंगळाहून निरोप यायला वीस मिनिटं. सगळे पडद्यापुढं खुर्च्या टाकून बसले होते, रौनी दारापाशी उभी. पहिली पायरी. दुसरी. सहाव्या पायरीला ती पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आठवीचा निरोप आला. पडद्यावर एकेक ठिपका पडायला लागला, मग पाऊस पडल्यासारखे पडायला लागले. मंगळाची हवा, कणाकणानं निघून चाललेली, आणि घुबड ती मोजत होतं. एक ठिणगी नाही. काच शाबूत.

दुपारी कॉफीच्या खोलीत हिरवा केक कापला. बाहेर सूर्य डोंगरामागं घुटमळून निघूनही गेला होता. एब्बे उभा राहिला आणि म्हणाला, "आज हे चालतंय ते एका माणसामुळं. मी घाई केली असती. रौनीनं मला थांबवलं. तिनं घुबड वाचवलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रौनी लाल होऊन कप गोळा करायला लागली आणि मोरीपाशी गेली. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास आल्यासारखं वाटलं.

बिर्येर फडकं घेऊन शेजारी आला, कप पुसायला. जरा वेळानं म्हणाला, "तुला तो वरचा एक सापडला होता का गं?"

"कुठला वरचा?"

"सातवा. पोकळ स्क्रू. स्पंजाखाली ठेवला होता मी." तो लाजल्यासारखा हसला. "खाणीत आम्ही कधी मोजून करायचो नाही. सहा सांगितले की सात. एखादा हातातून सुटून खाली गेला तर हजार मीटर वर कोण परत जाणार? सवय लागून गेली. इथं चिठ्ठीवर सात लिहिलं की ऑफिसातली बाई तीन फॉर्म भरायला लावते, म्हणून लिहिलं सहाच. म्हटलं, रौनीला सापडेल. अडीनडीला असू दे."

रौनीच्या हातात कप तसाच राहिला. नळ वाहत होता. सात केले. सहा बसले. एक राहिला. गादीवर पडलेला स्क्रू तिनं गादीवरूनच उचलला होता. उजेडासमोर धरून बघितलाही होता. सप्टेंबरातच दाब दिला असता तरी काही झालं नसतं. वादळाचे तीन दिवस घुबड टक्क उघड्या डोळ्यांनी बघत बसलं असतं.

"काय झालं?" बिर्येरनं विचारलं.

"काही नाही. आले."

एब्बे आपल्या खोलीत एकटाच पडद्यापुढं बसला होता. तिला बघून त्यानं खुर्ची सरकवली. खूप दिवसांनी त्याचा चेहरा निवळलेला होता.

"बरं झालं आलीस. एक विचारू? इतके दिवस धाडस होत नव्हतं." तो हळूच म्हणाला, "तो साधा स्क्रू होताच ना तिथं? म्हणजे तुझं मन काय सांगतं? वादळ गेलं ते गेलं. पण दिलं असतं तर जळलंच असतं, एवढं एक मनाला सांगतो मी. मग झोप लागते."

हो म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. म्हातारा शांत झोपला असता, तिच्या नावाच्या टाळ्या तशाच राहिल्या असत्या, आणि या जगात कुणाचं काही बिघडलं नसतं. आमच्यातल्या कुणीही हो म्हटलं असतं, आणि मी त्याला नावं ठेवली नसती. पण रौनीनं चव्वेचाळीस वर्षांत न झालेल्या कामाला "झालं" म्हटलेलं नव्हतं.

"नव्हता, एब्बे," ती म्हणाली. "सहाही बरोबर बसले होते. सापडला तो सातवा होता. आत्ता कळलं मला."

पडद्यावर ठिपके पडत होते. एब्बे त्यांच्याकडे बघत राहिला.

"म्हणजे चाललं असतं."

"हो."

"तिन्ही दिवस."

"हो."

"सातवा कुणी केला?"

"माझा हिशेब चुकला," रौनी म्हणाली. "माझ्याच डबीत होता. मीच बघितलं नाही."

तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "हे तू मला सांगायला नको होतंस."

"तू विचारलंस."

त्यानं हात पुढं करून पडदा बंद केला. मग तिनं दार लावून घेतलं आणि परत मोरीपाशी आली. केक संपला होता, माणसं पांगली होती. बिर्येरनं सगळे कप पुसून फळीवर ओळीनं मांडले होते आणि तो तिचीच वाट बघत उभा होता.

"मग," त्यानं विचारलं, "आला का कामी तो सातवा?"

रौनीनं त्याच्या हातातलं ओलं फडकं घेतलं आणि खिळ्याला अडकवलं.

"आला, बिर्येर," ती म्हणाली. "चल, घरी जाऊ."